पितळ, रुपे आणि मेपल : अमेरिकी लाँग रायफलवरील धातुकामाविषयी एक संवाद

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषक मुलखांतून पेनसिल्व्हेनियात वसायला आलेल्या कुटुंबांबरोबर बंदूककामाचे कारागीरही आले, आणि त्यांच्या ओळखीच्या आखूड, जाडजूड शिकारी रायफलीपासून पुढच्या दोन पिढ्यांत जी लांब, सडपातळ, बहुधा ४२ ते ४६ इंच नळीची बंदूक घडत गेली, तिला अभ्यासक लाँग रायफल म्हणतात. ही ठासणीची बंदूक होती, म्हणजे दारू आणि शिशाची गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने आत ठासावी लागे; आणि ती रायफल होती, म्हणजे नळीच्या आतल्या अंगाला पिळाच्या खाचा कापलेल्या असत, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडे आणि तिचा नेम गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा पुष्कळ दूरवर टिके. लोकांत ती 'केंटकी रायफल' म्हणून ओळखली जाते. हे नाव रूढ होण्यास १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईवरील एका लोकप्रिय गाण्याने मोठा हातभार लावला. एरवी तिचे माहेर केंटकी नसून लँकेस्टर, बर्क्स, यॉर्क, नॉर्दॅम्प्टन हे पेनसिल्व्हेनियातील जिल्हे होत, आणि तेथूनच हे काम दक्षिणेकडे मेरीलँड, व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायनात उतरले.

या बंदुकीची नळी घडीव लोखंडाची, दस्ता बहुधा आडव्या लहरी दिसणाऱ्या मेपल लाकडाचा, आणि त्या लाकडात खाचे करून बसवलेले भाग पितळेचे असत: खांद्याला टेकणारी पट्टी, चापाभोवतीची कडी, गज अडकवण्याच्या नळकांड्या, दस्त्याच्या पुढच्या टोकाची टोपी आणि चकमकीच्या यंत्राचे स्क्रू ज्या पट्टीवर आवळले जात ती डावीकडची पट्टी. या सर्वांहून नजरेत भरणारा भाग म्हणजे दस्त्याच्या उजव्या अंगावरील पॅचबॉक्स, अर्थात चिंध्या ठेवण्याची बिजागरीच्या झाकणाची डबी. क्रांतियुद्धानंतरच्या काळात तर तिचा पितळी पसारा काही बंदुकांत दस्त्याची जवळजवळ संपूर्ण उजवी बाजू व्यापू लागला. शिवाय डाव्या अंगाला, गाल टेकण्याच्या उंचवट्यावर, पुष्कळदा आठ टोकांची रुप्याची चांदणी बसवलेली असे.

भारतीय तोडेदार बंदुका पाहिलेल्या वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावा. कोफ्तगारीत पोलादाच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात, म्हणजे तेथे धातूवर धातूची नक्षी असते आणि नळीच शोभेचे मुख्य स्थान ठरते. लाँग रायफलीत मात्र नळी बहुधा साधी राहते आणि धातू लाकडात उतरतो. त्यामुळे या कामाचा विचार करताना सोनाराबरोबर सुताराचाही विचार करावा लागतो.

या धातुकामाचा अर्थ कसा लावावा याविषयी अभ्यासकांत दोन प्रवृत्ती दिसतात, आणि पुढील संवादात त्या समोरासमोर आणल्या आहेत. एका पक्षाला सोयीसाठी रसिक म्हटले आहे. तो वस्तूच्या रूपापासून सुरुवात करतो आणि तीत घडवणाऱ्याचे मन शोधतो. दुसऱ्याला हिशेबी म्हटले आहे. त्याचा भर दुकानांच्या वह्या, मृतांच्या मालमत्तेच्या याद्या, आयात मालाच्या जाहिराती आणि सरकारी ठेके यांवर असतो.

रसिक : पॅचबॉक्सपासूनच आरंभ करणे योग्य ठरेल, कारण अलंकरणाचा हेतू तेथे लपत नाही. जर्मन शिकारी रायफलीत हीच खोबण होती आणि तिच्यावर लाकडाचे सरकते झाकण असे. ते खाचेत मागे-पुढे सरकायचे, त्याला ना बिजागरी लागे ना कमान. पेनसिल्व्हेनियातील आरंभीच्या बंदुकांतही तेच दिसते. मग क्रांतियुद्धाच्या आगेमागे कारागिरांनी हे स्वस्त आणि पुरेसे झाकण सोडून चार तुकड्यांची पितळी रचना का पत्करली असावी? पुढे तुऱ्यासारखा कापलेला शेंडा, त्याला बिजागरीने जोडलेले झाकण आणि दोन्ही बाजूंना कातरलेल्या पट्ट्या, एवढा खटाटोप चिंध्या ठेवण्यासाठी खचित नव्हता.

हिशेबी : चिंध्या कशासाठी होत्या हे आधी सांगितले पाहिजे, नाही तर वाचकाला ही डबी पानसुपारीच्या चंचीसारखी हौसेची वस्तू वाटेल. गोळी नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान ओतत आणि ती चरबी किंवा तेल लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठासत. त्या कापडामुळे गोळी सहज आत जाई, पिळाच्या खाचा कापडाला पकडत आणि दारूचा वायू बाजूने निसटत नसे. चिंधी नसेल तर रायफलीचा गुणच नाहीसा होतो. आता लाकडी झाकणाविषयी: ते सरकून पूर्ण बाहेर येते, म्हणून घोड्यावर किंवा झाडीत पडून हरवते. बिजागरीचे झाकण बंदुकीला जखडलेले राहते. दस्त्याच्या टाचेतील किंवा तळपट्टीतील बारीक कळ दाबली की कमानीच्या जोराने ते उघडते आणि दुसरा हात मोकळा राहतो. हा खटाटोप उपयोगाचाच होता.

रसिक : झाकणाचा उपयोग मान्य, बाजूच्या पट्ट्यांचा कोणता उपयोग? त्या झाकणाला धरत नाहीत, खोबणीला आवळत नाहीत, आणि त्यांत आरपार कातरलेली छिद्रे तर मजबुती कमीच करतात.

हिशेबी : खोबणीच्या कडेचे लाकूड पातळ असते, त्याला थोडा आधार मिळतो. पण आक्षेप खरा आहे. त्या पट्ट्या डोळ्यांसाठी होत्या, एवढे कबूल करण्यास अडचण नाही.

येथे दोन्ही पक्षांच्या हातून निसटणारी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ॲपलाचियन डोंगराळ भागातील, विशेषतः पूर्व टेनेसी आणि पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातील पुष्कळ बंदुकांत पितळ नाहीच. तेथील लोहारांनी सर्व भाग लोखंडाचे घडवले, आणि पुष्कळदा पॅचबॉक्सऐवजी दस्त्यात चरबी भरण्यासाठी केवळ एक उघडे भोक ठेवले. त्या बंदुका शिकारीत कमी पडल्याचे कोणी म्हटलेले नाही. म्हणजे उपयोगाची गरज भोकापर्यंत पोहोचते. त्यावर झाकण ही सोय आहे आणि झाकणाभोवतीचे सर्व काही दुकान, गिऱ्हाईक आणि गावची रीत यांच्या वाट्याला जाते. वादाचे खरे क्षेत्र तेथून पुढे आहे.

रसिक : तर मग चिन्हांकडे वळावे. बदामाचा आकार, चंद्रकोर, मासा, आठ टोकांची चांदणी: हेच आकार पेनसिल्व्हेनियातील जर्मन घरांच्या लग्नाच्या पेट्यांवर, बाप्तिस्म्याच्या रंगीत दाखल्यांवर आणि कोठारांच्या भिंतींवर दिसतात. ज्या समाजात अक्षर आणि चित्र यांना श्रद्धेचे वजन होते, त्याच समाजातील कारागीर शिकाऱ्याच्या गालाखाली चांदणी बसवतो तेव्हा ती निव्वळ भरतीचे ठिगळ मानणे हा त्या समाजावर अन्याय आहे. गालाखालचे स्थानही बोलके आहे. उजव्या हाताचा शिकारी नेम धरतो तेव्हा ती चांदणी त्याच्या गालाने झाकली जाते. त्या क्षणी ती कोणालाही दिसत नाही. जे दाखवायचे नसते ते बहुधा जपायचे असते.

हिशेबी : बंदूक नेम धरण्याच्या क्षणापुरती हातात नसते, दिवसातला बहुतेक वेळ ती खांद्यावर, कोपऱ्यात किंवा चुलाण्यावरच्या खुंट्यांवर असते, आणि गालाचा उंचवटा ही डाव्या बाजूची सर्वांत मोठी मोकळी जागा आहे. कारागिराने रिकामी जागा भरली. ताईत-यंत्राची कल्पना मात्र बरीच अलीकडची आहे. कोठारांवरील चांदण्यांना चेटूक टाळणारी चिन्हे ठरवणारे लिखाण लोकप्रिय झाले ते वॉलेस नटिंग यांच्या १९२४ च्या पुस्तकानंतर. आणि योगायोगाने त्याच वर्षी डिलिन यांचे 'द केंटकी रायफल' प्रसिद्ध होऊन या बंदुकीला संग्राहकांचा मोठा वर्ग मिळाला. ज्या पिढीला पेनसिल्व्हेनियातील प्रत्येक चांदणीत गूढ दिसू लागले होते, त्याच पिढीने या बंदुका गोळा केल्या. तिने पाहिलेला अर्थ आणि घडवणाऱ्याचा अर्थ एकच होता, असे कोणत्या कागदावरून ठरवायचे?

रसिक : कागद नसणे म्हणजे श्रद्धा नसणे नव्हे. उंबरठ्यावर हळदीकुंकवाची बोटे ओढणाऱ्या घराकडे त्याविषयीचा दस्तऐवज मागितला तर काय मिळेल?

हिशेबी : दस्तऐवज मिळणार नाही, परंतु ती बोटे आजही ओढली जातात आणि ओढणारी बाई त्याचे कारण सांगू शकते. येथे ती साखळी मध्येच तुटली आहे. दुसरीकडे, चिन्ह कोठून आले हे जेथे नेमके सांगता येते तेथे उत्तर बरेच रोकडे निघते. १७८२ मध्ये अमेरिकेने गरुडाची राजमुद्रा स्वीकारली, आणि त्यानंतर चांदणीच्या मध्यभागी व पॅचबॉक्सच्या झाकणावर गरुड दिसू लागले. तो गरुड ताईत नव्हता. नव्या प्रजासत्ताकाच्या मुद्रेवरून आणि नाण्यांवरून तो बंदुकीवर उतरला. दस्त्यावरील पानावेलींच्या वळणदार नक्षीचीही हीच कथा आहे. ती युरोपात घरच्या सामानापासून चांदीच्या भांड्यांपर्यंत पसरलेल्या रोकोको शैलीची आहे, म्हणजे शंखशिंपल्यांच्या आणि इंग्रजी सी अक्षराच्या वळणांवर उभ्या असलेल्या अठराव्या शतकातील नक्षीची. तीत अरण्यातल्या श्रद्धेपेक्षा शहरी फॅशन अधिक आहे.

या मुद्द्यावर हिशेबी पक्षाचे पारडे जड मानावे लागते, पण ते त्याला वाटते तितके जड नाही. माशाच्या किंवा बदामाच्या आकाराला निश्चित धार्मिक अर्थ होता असे सिद्ध करता येत नाही; मात्र तेच कारागीर ज्या समाजात वाढले त्यात हे आकार शुभ मानले जात असल्याने, निवडताना हात तिकडे वळणे स्वाभाविक होते. अर्थ आणि सवय यांच्यामधली ही जागा संग्राहकांच्या लिखाणात फार लवकर मिटवली जाते.

आता प्रत्यक्ष कामाकडे जवळून पाहावे, कारण येथून पुढचा वाद त्यावर उभा आहे. पॅचबॉक्ससाठी पितळेचा पत्रा लागे. चापाची कडी आणि खांद्याची पट्टी यांसारखे जाड, वळणदार भाग मात्र ओतीव असत. लाकडी किंवा धातूचा नमुना ओलसर वाळूत दाबून साचा पाडायचा, त्यात वितळलेले पितळ ओतायचे आणि निवाल्यावर कानशीने घासून आकार काढायचा, ही पद्धत आपल्याकडच्या ओताऱ्यांना नवखी वाटणार नाही. पत्र्याचा शेंडा नमुन्यावरून आखून करवतीने व कानशीने कापत. बिजागरीसाठी कडेच्या जिभा तारेभोवती गोल वळवून एकमेकींत अडकवत. मग सर्वांत नाजूक टप्पा येई. तुकड्याच्या मागच्या बाजूला काजळी लावून तो लाकडावर दाबायचा. जेथे लाकूड उंच राहिले असेल तेथे काळा डाग उमटतो, तेवढाच डाग पातळ छिन्नीने खरवडायचा, पुन्हा काजळी लावून पुन्हा दाबायचे, आणि धातू व लाकूड यांच्यामध्ये फट दिसेनाशी होईपर्यंत हेच करत राहायचे. बसवलेला तुकडा खिळ्यांनी किंवा स्क्रूंनी पक्का करून लाकडासह घासला जाई, म्हणजे दोन्हींचे पृष्ठ एका पातळीत येई. कोरीवकाम शेवटी होई: तळहातात बसणाऱ्या मुठीची पोलादी कोरणी पितळावर ढकलत नेली की तिच्यामागे चकचकीत, व्ही आकाराची चर उमटते, आणि कोरणी डावी-उजवी डोलवत नेली तर नागमोडी रेघ मिळते. दुरून भरजरी दिसणाऱ्या अनेक बंदुकांवरील नक्षी जवळून पाहिली तर या दोनच हालचालींची निघते.

रसिक : काजळीचा हा वर्णनक्रमच सांगतो की, हे काम यंत्रवत नव्हते. फट न दिसण्याची जिद्द हिशेबात बसत नाही.

हिशेबी : ती हिशेबातच बसते, उमेदवारीची सात-सात वर्षे ज्याच्यासाठी घालवली जात तो हाच हात होता, आणि फट दिसणाऱ्या बंदुकीला दर मिळत नसे. पण खरा प्रश्न 'कोणाचे काम' हा आहे. पितळ मुळात वसाहतींत जवळजवळ बनत नव्हते. ते इंग्लंडहून पत्र्याच्या आणि भांड्यांच्या रूपात येई, किंवा फुटक्या किटल्या वितळवून मिळे. चकमकीची यंत्रे मोठ्या प्रमाणात इंग्लंडहून आणि जर्मन मुलखांतून आयात होत. नळ्या पाणचक्कीवर चालणाऱ्या वेगळ्या कारखान्यांत पोखरल्या जात. लँकेस्टरचे विल्यम हेन्री बंदुका घडवत, १७५५ मध्ये ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉकच्या मोहिमेत शस्त्रदुरुस्तीचे काम त्यांनी पाहिले, आणि त्याच वेळी ते व्यापारी भागीदारीतून लोखंडी सामान आयात करत. जेकब डिकर्ट १७४० मध्ये जर्मनीत माइंट्स येथे जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले आणि १८२२ मध्ये लँकेस्टरला वारले. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत त्यांचे नाव कोरलेल्या नळ्या एकट्याच्या हातून निघणे शक्य नव्हते. नळीवरचे नाव दुकानाची हमी सांगते. कोरणी धरणारा हात कोणाचा होता हे ते सांगत नाही.

रसिक : लँकेस्टरसारख्या बाजारपेठेच्या गावाबद्दल हे खरे असेल. ख्रिश्चन्स स्प्रिंगचे काय? नाझरेथजवळच्या त्या मोरेव्हियन वसाहतीत, म्हणजे एका शांतताप्रिय ख्रिस्ती पंथाच्या सामुदायिक वस्तीत, आंद्रेआस आल्ब्रेख्ट यांनी बंदुकांचे दस्ते घडवण्याचे काम उभे केले. ते १७१८ मध्ये थुरिंगियात जन्मले आणि १७५० मध्ये अमेरिकेत आले. त्यांचे शिष्य ख्रिश्चन ऑर्टर यांनी नाव, स्थळ आणि साल कोरलेल्या ज्या मोजक्या रायफली मागे ठेवल्या, त्या १७७४-७५ च्या आहेत, आणि क्रांतियुद्धाच्या काळातील साल नोंदलेल्या अमेरिकी रायफली इतक्या दुर्मीळ आहेत की पुष्कळ तर्कांचा पाया या दोन वर्षांवर उभा आहे. ऑर्टर १७७७ मध्ये तिशीतच वारले. त्यांच्या दस्त्यावरचे कोरीवकाम, धातूच्या बारीक तारांची जडणी आणि पितळी भाग यांची सलगता पाहिल्यावर तेथे आराखडा करणारे मन आणि राबणारा हात वेगळे होते असे म्हणवत नाही.

हिशेबी : उदाहरण चांगले निवडले, पण तेथेही मालकी व्यक्तीची नव्हती. त्या वसाहतीत दुकान समाजाचे होते आणि त्यातील हत्यारांच्या व मालाच्या याद्या समाजाने ठेवल्या, म्हणून तर ते दुकान इतके तपशिलात माहीत आहे. आल्ब्रेख्टकडून ऑर्टरकडे जे आले ते एका गुरूचे घराणे होते असे म्हणता येईल. एकट्या प्रतिभेचा उमाळा म्हणणे मात्र कठीण आहे.

ऑर्टर यांच्या १७७५ च्या एका रायफलीचा पुढचा इतिहास येथे सांगण्याजोगा आहे: ती क्रांतियुद्धातील छावणीचे ठिकाण असलेल्या व्हॅली फोर्ज येथील प्रदर्शनातून १९७१ मध्ये चोरीस गेली आणि २०१८ मध्ये, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनी, परत मिळाली. शांततेच्या पंथाच्या दुकानात बनलेली ही वस्तू युद्धाचे स्मारक म्हणून मांडली गेली होती, ही विसंगती तिच्या चोरीपेक्षा अधिक विचार करण्यासारखी आहे, पण प्रदर्शनांच्या फलकांवर तिला सहसा जागा मिळत नाही.

रसिक : घराणे म्हटले तरी चालेल. मग निदान हे मान्य व्हावे की घराण्याचे वळण ओळखता येते. लेबनन भागातील निकोलस बायर यांच्या पॅचबॉक्सचा शेंडा पक्ष्याच्या आकाराचा आहे. घोड्याच्या मानेसारखा शेंडा दिसला की मेरीलँडकडे आणि यॉर्कच्या दक्षिणेकडे पाहावे लागते. फुलासारखा, पाकळ्या कापलेला शेंडा लँकेस्टरची आठवण देतो. एमिट्सबर्गचे जॉन आर्मस्ट्राँग यांनी तर आपल्या पॅचबॉक्सचा नमुना इतका पक्का धरला की सही झिजलेली असली तरी बंदूक ओळखता येते. ज्या बंदुकांवर नावच नाही, आणि अशा पुष्कळ आहेत, त्यांची जात-कुळी आज या शेंड्यांवरूनच लागते.

हिशेबी : शाळेत एका मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांचे अक्षर सारखे दिसते, त्यातलाच हा प्रकार. वळण खरे असते, पण ते शिकवलेले असते, आणि नमुन्याचा पत्रा खिशात घालून उमेदवार दुसऱ्या जिल्ह्यात गेला की वळणही त्याच्याबरोबर जाते. आर्मस्ट्राँग यांचा नमुना पक्का होता याचे साधे कारण असे की एकदा कापलेला साचा वारंवार वापरणे स्वस्त पडते. आणि शेंडा निवडण्यात गिऱ्हाइकाचा वाटा किती होता हे सांगणारे एक भक्कम उदाहरण शेजारच्या व्यापारात आहे. कॅनडाच्या आणि वायव्येच्या मुलखात आदिवासींना विकल्या जाणाऱ्या इंग्रजी बनावटीच्या बंदुकांवर सर्पाकृती पितळी पट्टी बसवलेली असे. व्यापाऱ्यांचा अनुभव असा होता की ती पट्टी नसेल तर गिऱ्हाईक बंदूक घेत नसे. बर्मिंगहॅमच्या ओताऱ्याला त्या सर्पाशी काही देणेघेणे नव्हते, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या सर्प ओतत राहिला. अलंकाराचा कर्ता येथे विकत घेणारा आहे.

रसिक : म्हणजे शेवटी मूळनिवासींचा उल्लेख आला. या बंदुकीच्या इतिहासात ते गिऱ्हाईक म्हणून येतात, हे संग्राहकांच्या पुस्तकांत फार थोडे आढळते.

हिशेबी : ते आरंभापासून गिऱ्हाईक होते. डेलावेअर आणि शॉनी लोक अठराव्या शतकाच्या मध्यावरच रायफल वापरू लागले होते आणि त्या त्यांना लँकेस्टरच्या व्यापाऱ्यांकडून मिळत. ते या बंदुकीचे लक्ष्यही होते. १७६३ च्या डिसेंबरात लँकेस्टर जिल्ह्यातच कॉनेस्टोगा लोकांच्या उरल्यासुरल्या वस्तीवर सरहद्दीवरच्या टोळीने हल्ला केला. प्रथम वस्तीत सहा आणि दोन आठवड्यांनी लँकेस्टरच्या सरकारी कोठडीत, जेथे त्यांना संरक्षणासाठी ठेवले होते, चौदा माणसे मारली. ज्या वर्षांत लँकेस्टरची दुकाने नावारूपाला येत होती त्याच वर्षांतली ही घटना आहे.

रसिक : त्यामुळे शेंड्याची रेघ वाईट ठरत नाही.

हिशेबी : वाईट ठरत नाही. परंतु 'सुवर्णकाळ' हा शब्द वापरताना तो कोणासाठी, एवढे विचारण्याची जागा ती नक्की करून देते.

'सुवर्णकाळ' ही कल्पना जो किंडिग यांच्या १९६० च्या ग्रंथामुळे या विषयात पक्की रुजली, आणि तीतून क्रांतियुद्धाच्या अखेरीपासून साधारण १८१५ पर्यंतच्या बंदुकांना, ज्यांत उठावाचे लाकडी कोरीवकाम आणि पितळेचे काम एकमेकांच्या तोडीचे असते, सर्वोच्च स्थान दिले जाऊ लागले. त्या निवाड्यामागचे निरीक्षण योग्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात चकमकीच्या जागी टोपीची बंदूक आली, म्हणजे ठिणगीऐवजी स्फोटक भरलेल्या लहानशा तांब्याच्या टोपीवर घोडा आपटून बार उडू लागला, आणि त्याच सुमारास लाकडावरचे कोरीवकाम ओसरून धातूच्या जडावाची गर्दी झाली. दस्त्याच्या प्रत्येक मोकळ्या जागेवर चंद्रकोरी, बदाम, मासे, लंबगोल असे वीस-वीस, तीस-तीस तुकडे बसवलेल्या बंदुका या काळातल्या आहेत. पुढे त्यांत रुप्याऐवजी जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांचा रुप्यासारखा दिसणारा मिश्रधातू, येऊ लागला.

रसिक : हा ऱ्हासच आहे. एका ओळीत सांगायचे ते पानभर लिहिल्यासारखे.

हिशेबी : ऱ्हास म्हणण्यापूर्वी बाजार पाहावा. पूर्वेकडे रायफल आता रोजच्या जगण्याचे साधन राहिली नव्हती. ती नेमबाजीच्या जत्रांत आणि भिंतीवर दिसणारी वस्तू झाली होती, म्हणून दिसण्यावर पैसा खर्च झाला. रुपे मिळणेही सोपे होते: स्पॅनिश डॉलर अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होता, आणि ठोकून पातळ केलेले नाणे हा बंदूकवाल्याच्या हाताशी असलेला पत्रा होता. त्याच काळात पश्चिमेकडे जाणारा माल मात्र उलट दिशेने गेला. नाझरेथजवळ बोल्टन येथील जे. जे. हेन्री यांच्या कारखान्याकडे अमेरिकन फर कंपनीने १८२६ पासून रायफलींच्या मागण्या नोंदवल्या. त्यांत पितळी पॅचबॉक्स होता, पण एका ठरावीक साच्याचा, आणि रॉकी पर्वतात बीव्हर पकडणाऱ्या माणसाला तेवढा पुरला. म्हणजे जेथे बंदूक खरोखर लागत होती तेथे नक्षी आवरली गेली आणि जेथे ती फारशी लागत नव्हती तेथे वाढली.

रसिक : हे सूत्र सुटसुटीत आहे, पण किंडिग यांचा सुवर्णकाळ त्यात बसत नाही. १७९० च्या आसपास बेडफर्ड किंवा लेबननच्या पलीकडे बंदूक नक्कीच लागत होती, आणि तरीही उत्तम नक्षी त्याच वर्षांतली आहे.

हिशेबी : लागणारा आणि नक्षीसाठी पैसे मोजणारा माणूस वेगळा होता. १७९२ मध्ये सरकारने सैन्यासाठी याच जिल्ह्यांतील दुकानांकडून रायफली घेतल्या तेव्हा नक्षीची मागणी केली नाही. उत्तम कोरीव बंदुका बहुधा जुन्या, स्थिरावलेल्या शेतकरी मुलखात विकल्या गेल्या, म्हणूनच त्या धडधाकट टिकल्या. सरहद्दीवर गेलेल्या झिजल्या, दुरुस्त झाल्या, शेवटी मोडीत गेल्या. आज काचेमागे दिसतो तो नमुना कमी वापरलेल्या वस्तूंचा आहे.

हा युक्तिवाद महत्त्वाचा आहे, आणि रसिक पक्षाने त्याला दिलेले उत्तर अपुरे वाटते. मात्र त्यातून एक व्यावहारिक प्रश्न निघतो, आणि त्यावर दोन्ही पक्ष अनपेक्षितपणे जवळ येतात. विसाव्या शतकात कोरीव बंदुकांची किंमत चढत गेली तसे साध्या जुन्या बंदुकांना मागाहून पॅचबॉक्स बसवण्याचे, झिजलेली नक्षी पुन्हा खोल करण्याचे आणि हरवलेल्या शेंड्यांच्या जागी नवे शेंडे कापण्याचे प्रकार झाले. १९६० च्या दशकात विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गस्लर यांनी जुन्या हत्यारांनी संपूर्ण रायफल हाताने घडवण्याची विद्या पुन्हा उभी केली, तिच्यावर १९६९ मध्ये चित्रपटही निघाला, आणि पुढे या विद्येत निष्णात झालेल्या कारागिरांची संख्या बरीच वाढली. प्रामाणिक कारागीर नव्या बंदुकीवर स्वतःचे नाव कोरतो, पण त्या हातांचे कौशल्य आता जुन्याच्या तोडीचे आहे, एवढे खरे.

रसिक : अशा वेळी नजर पुरत नाही, हे मान्य केले पाहिजे. शेंडा लँकेस्टरचा आणि चापाची कडी यॉर्कची दिसली तर संशय घेता येतो. पण उमेदवार गावे बदलत होते असे आताच ठरले, तेव्हा तो संशयही पक्का नाही.

हिशेबी : स्क्रू काढून पॅचबॉक्स उचलावा. खाली दोनशे वर्षांचे लाकूड पितळेच्या गंजाने हिरवट-काळे पडलेले असते, छिन्नीचे जुने घाव मळलेले असतात, आणि पितळाच्या मागच्या बाजूला ठोकण्याचे व कानशीचे ओरखडे दिसतात. मागाहून बसवलेल्याच्या खाली लाकूड उजळ निघते किंवा रंग लावून काळे केलेले निघते, आणि रंग छिन्नीच्या चरांत साचलेला दिसतो.

रसिक : दोनशे वर्षे न हललेला स्क्रू काढताना त्याची खाच फाटते, आणि भोवतीचे मेपल चिरले तर जे तपासायचे तेच नष्ट होते. क्ष-किरणांनी खिळ्यांच्या आणि खोबणीच्या कडा दिसतात. आधी ते करावे.

हिशेबी : क्ष-किरण खोबणीचा आकार दाखवतील, लाकडाचा रंग नव्हे.

रसिक : तर मग ज्या बंदुकांचे स्क्रू आधीच कोणीतरी काढलेले आहेत, ज्यांच्या खाचा आधीच फाटलेल्या आहेत, तेवढ्याच उघडाव्यात.

हिशेबी : तशा बंदुकांची संख्या कमी नाही. त्यांच्यापासून सुरुवात करण्यास हरकत नाही. न उघडलेल्यांविषयी मात्र, सही असो वा नसो, कारागिराचे नाव पेन्सिलीनेच लिहावे.